ट्रॅफिकचं हेलिकॉप्टर, रेडिओवरचा आवाज आणि सायकलचं फ्रीव्हील

खाडीपलीकडचा | शुक्रवार, रात्री ११:१०

मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय. थोडा लांबणार आहे.

गेल्या रविवारी मुलाला गाडी शिकवत होतो. तो चालवत होता, मी शेजारी. रेडिओवर '१०१० विन्स' चालू होतं, दर दहा मिनिटांनी ट्रॅफिक सांगतात ते. मुलाने विचारलं, "बाबा, फोनवर सगळं लाल-हिरवं दिसतं, मग हे लोक अजून का सांगतात?" काहीतरी उत्तर दिलं, पण प्रश्न डोक्यातून जाईना. कारण इकडे न्यू जर्सीत आल्यावर सहा वर्षं मी हेच काम केलं आहे. इथे कधी लिहिलं नव्हतं.

मी एका ट्रॅफिक सेवेत डेस्कवर होतो. कंपनीचं नाव लिहीत नाही. खोलीत पोलिसांच्या बिनतारी यंत्रणेवरचं बोलणं ऐकवणारे पंधरा-वीस स्कॅनर एकाच वेळी बोलत असायचे. त्या कलकलाटातून "अपर लेव्हल, उजवी लेन, गाडी बंद" एवढंच वेचायचं, टाइप करायचं आणि काचेपलीकडच्या रिपोर्टरला द्यायचं. पाळी फोडलेली असायची, पहाटे पाच ते नऊ आणि दुपारी तीन ते सात. मधल्या वेळात झोप धड लागत नाही आणि घरची कामंही धड होत नाहीत. लग्न नवीन होतं. बायको म्हणायची, तू घरी असतोस तेव्हाही अर्धा कान रस्त्यावर असतो.

या धंद्याचं गणित बाहेरच्यांना माहीत नसतं. रेडिओ स्टेशनं बहुतेकदा ट्रॅफिकच्या बातमीचे पैसे देत नसत. बदल्यात जाहिरातीचा वेळ देत आणि सेवा पुरवणारी कंपनी तो वेळ विकत असे. ह्यूस्टनच्या मेट्रो नेटवर्क्सने १९७८ पासून हे तंत्र देशभर पसरवलं. त्यामुळे एकच माणूस तासाभरात चार-पाच स्टेशनांवर बोलायचा, कधी प्रत्येक ठिकाणी वेगळं नाव घेऊन. आणि हेलिकॉप्टरचा खर्च तासावर असल्यामुळे वर असलेल्या एका माणसाकडून जास्तीत जास्त बातम्या काढायच्या असत.

पहिल्याच आठवड्यात डेस्कवरच्या एका वयस्कर सहकाऱ्याने मला बाजूला घेतलं. म्हणाला, "टायपिंग येईल, पुलांची नावंही येतील. एक गोष्ट आत्ताच शीक. वर असलेल्या माणसाला 'अजून एक फेरी मार' असं डेस्कवरून सांगायचं नाही. त्याला वाटलं तर तो मारेल." मग त्याने मला जेन डोर्नाकरची गोष्ट सांगितली.

इकडच्या जुन्या श्रोत्यांना हे नाव अजून आठवतं. बाई मूळच्या न्यू मेक्सिकोच्या, पण नाव झालं सॅन फ्रान्सिस्कोत. गाणं, विनोदी कार्यक्रम, सिनेमातल्या छोट्या भूमिका, असं बरंच केलेलं. मग त्या रेडिओवर ट्रॅफिक सांगू लागल्या आणि १९८५ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या डब्ल्यूएनबीसीवर आल्या. कोंडीत अडकलेल्या माणसाला हसवून घरी पाठवणं ही त्यांची खासियत.

१८ एप्रिल १९८६ रोजी त्यांचं हेलिकॉप्टर न्यू जर्सीतल्या हॅकनसॅक नदीत कोसळलं. त्या पोहून बाहेर आल्या. काही काळाने पुन्हा वर जाऊ लागल्या.

त्याच वर्षी २२ ऑक्टोबरला, बुधवारी, संध्याकाळी पावणेपाचच्या सुमारास त्या थेट प्रक्षेपणात न्यूयॉर्क आणि न्यू जर्सीला नदीखालून जोडणाऱ्या लिंकन टनेलमधून बाहेर पडणाऱ्या वाहतुकीबद्दल सांगत होत्या. वाक्य मध्येच तुटलं. मागे आवाज बदलला आणि त्या ओरडल्या, "हिट द वॉटर!" तीनदा. पायलटला सांगत होत्या, पाण्यात उतरव. मशीन साधारण ७५ फुटांवरून खाली आलं, धक्क्याजवळचं जाळीचं कुंपण आपटून हडसन नदीत गेलं. पायलट गंभीर जखमी झाला पण वाचला. जेन वाचल्या नाहीत. वय ३९. मागे किशोरवयातली मुलगी राहिली.

हजारो लोकांनी ते गाडीत बसून ऐकलं. आमचा सहकारी तेव्हा दुसऱ्या स्टेशनवर होता, त्याच्याही कानात ते पडलं होतं. ध्वनिमुद्रण आजही सापडतं. मी एकदाच ऐकलं, पुन्हा ऐकणार नाही. कुणाला इथे दुवाही देणार नाही.

चौकशीत देखभालीतली चूक निघाली. 'स्प्रॅग क्लच' नावाचा भाग लष्कराच्या जुन्या सामानातला होता, त्या वापरासाठी नव्हताच, आणि त्याला वंगणही नीट दिलेलं नव्हतं. हेलिकॉप्टर स्टेशनचं नव्हतं, भाड्याने घेतलेलं होतं.

माझा प्रश्न तांत्रिक आहे. एवढ्याशा क्लचमुळे हेलिकॉप्टर दगडासारखं का पडावं? इंजिन बंद पडलं तरी ते उतरवता येतं असं ऐकलं होतं. इथे कुणी जाणकार आहे का?

---

मोगरा | शुक्रवार, रात्री ११:४२

वाचताना काटा आला. मी रोज बसने लिंकन टनेलमधूनच जाते. खिडकीतून नदीवर हेलिकॉप्टरं दिसतात, आत कोण असेल असं कधी मनातही आलं नव्हतं. एप्रिलमध्ये पडूनही त्या परत वर गेल्या, इथेच मी थांबले.

---

हँगर_पाच | शनिवार, सकाळी ६:५५

खाडीपलीकडचा, चांगला धागा काढलात. मी ३४ वर्षं हेलिकॉप्टरच्या देखभालीत काढली, बरीचशी जुहूला. निवृत्त आहे. प्रश्न नेमका विचारलात म्हणून सविस्तर लिहितो.

तुम्ही सायकल चालवली आहे. उतारावर पेडल मारणं थांबवलं की पाय स्थिर आणि चाक फिरतच राहतं, टक-टक-टक आवाज येतो. मागच्या चाकातल्या फ्रीव्हीलची ती करामत. पायाने जोर दिला तर चाक फिरवायचं, पण चाक पायापेक्षा जोरात फिरू लागलं तर त्याला अडवायचं नाही. स्प्रॅग क्लच म्हणजे हेलिकॉप्टरचं फ्रीव्हील.

आतून सांगतो. एकात एक दोन कड्या असतात, आतली आणि बाहेरची. मधल्या फटीत छोटे पोलादी तुकडे उभे ओळीने बसवलेले, आकार साधारण इंग्रजी आठासारखा, कंबरेत किंचित बारीक. त्यांनाच स्प्रॅग म्हणायचं. इंजिन जोर लावतं तेव्हा हे तुकडे तिरके होऊन दोन्ही कड्यांमध्ये पाचरीसारखे घट्ट बसतात आणि जोर वरच्या पात्यांपर्यंत पोचतो. इंजिन मंदावलं की तेच तुकडे आडवे कलतात, पकड सुटते आणि पाती मोकळी फिरत राहतात.

इंजिन बंद पडल्यावर पायलट लगेच कलेक्टिव्ह नावाचा दांडा खाली घेतो, म्हणजे पात्यांचा कोन कमी करतो. मशीन खाली येऊ लागतं, खालून वर येणारी हवा पात्यांना फिरवत ठेवते. याला ऑटोरोटेशन म्हणतात. जमिनीजवळ आल्यावर पात्यांत साठलेला तो वेग वापरून मशीन हळू टेकवायचं. प्रत्येक पायलट हे शिकतो आणि याचा सराव करतो. पण या सगळ्याचा पाया एकच, इंजिन थांबलं तरी पाती फिरत राहिली पाहिजेत.

फ्रीव्हील जाम झालेल्या सायकलवर उतारावर पाय थांबवून बघा, काय होतं ते कळेल. १९८६ च्या त्या एन्स्ट्रॉम एफ-२८ मध्ये क्लच निकामी झाला आणि वरची पाती अडली. पायलटच्या हातात ऑटोरोटेशन उरलंच नाही. तो कितीही कसलेला असता तरी.

आता वंगणाबद्दल. स्प्रॅगचे तुकडे ज्या बिंदूवर कडीला टेकतात तिथे दाब भयंकर असतो. तेल कमी पडलं किंवा चुकीचं पडलं तर तिथे बारीक ओरखडे येतात. डोळ्याला दिसतही नाहीत, नखाला लागतात. मी शिकाऊ होतो तेव्हा आमचे साहेब भाग हातात देऊन म्हणायचे, "डोळे मीट आणि नख फिरव." नख अडलं की भाग लाल टॅग लावून बाजूला.

आणि लष्कराचा जुना भाग? दिसायला हुबेहूब असू शकतो. चकाकीही असते. पण तो किती तास फिरलाय, कुठल्या भाराखाली फिरलाय, कुणी तपासलाय, याचा कागद नसेल तर माझ्यासाठी तो भंगार आहे. आमच्याकडे सुट्या भागासोबत सीए फॉर्म-१ यावा लागतो, अमेरिकेत ८१३०-३. तो कागद नसेल तर भाग सोन्याचा असला तरी बसवायचा नाही. १९८९ मध्ये नॉर्वेहून निघालेलं पार्टनेअरचं कॉन्व्हेअर विमान डेन्मार्कजवळच्या समुद्रात पडलं, ५५ माणसं गेली. त्यात शेपटाकडचे बोल्ट बनावट निघाले होते.

त्या बाईंना यातलं काही दिसणं शक्य नव्हतं. दार उघडून आत बसणाऱ्या माणसाला क्लच दिसत नाही. तो सही करणाऱ्याच्या भरवशावर बसतो. मी हजारो सह्या केल्या आहेत, म्हणून हे लिहिताना हात जड होतोय.

---

सांजवात | शनिवार, सकाळी ९:२०

हँगर_पाच काका, फ्रीव्हीलच्या उदाहरणाने एका मिनिटात समजलं. वाचनखूण साठवली आहे.

---

कोकणकडा | शनिवार, सकाळी १०:०५

माहिती उत्तम, पण एक प्रामाणिक प्रश्न. रस्त्यावर किती गर्दी आहे हे सांगायला माणसाचा जीव ७५ फुटांवर टांगायची गरज तेव्हाही होती का? कॅमेरे होते, पोलीस होते, लोकांचे फोन येत असणार. थेट हेलिकॉप्टरमधून बोलतोय असं म्हटलं की श्रोते वाढतात, एवढंच कारण वाटतं. आणि धोका माहीत असून ती नोकरी घेतली तर तो त्यांचा निर्णय. खाणीत उतरणारा, खांबावर चढणारा वायरमन, सगळेच तो निर्णय घेतात.

---

खाडीपलीकडचा | शनिवार, सकाळी ११:३० (तिकडे सकाळ, इकडे रात्र, अजून जागा आहे)

हँगर_पाच, तुमचं दोनदा वाचलं. कित्येक वर्षांचा प्रश्न सुटला.

कोकणकडा, तुमच्या पहिल्या प्रश्नाला माझं उत्तर 'हो, गरज होती' असं आहे. मी दोनदा वर गेलो आहे, प्रशिक्षण म्हणून. लिंडनच्या छोट्या विमानतळावरून पहाटे निघालो. मागच्या सीटवर मी, पुढे पायलट आणि रिपोर्टर. आदल्या रात्रीपासून पाणी बेताने प्यायचं, कारण तीन तास खाली उतरता येत नाही. हेडसेटमध्ये एकाच वेळी पायलट, हवाई नियंत्रण कक्ष आणि स्टेशन असे तीन आवाज. रिपोर्टरच्या मांडीवर फळकुटाला क्लिपने लावलेला कागद, त्यावर पेन्सिलीने पुलांची आद्याक्षरं आणि समोर बाण. मशीन इतकं थरथरतं की अक्षर नंतर दुसऱ्याला वाचता येत नाही.

आणि खाली बघितलं तेव्हा कळलं की कॅमेऱ्यात काय दिसत नाही. लिंकन टनेलच्या तोंडाशी रस्ता शंखासारखा वळतो, त्याला हेलिक्स म्हणतात. कॅमेरा तिथे नुसती रांग दाखवतो. वरून रांगेचं शेपूट कुठवर गेलंय, कुठल्या फाट्यावरून वाढतंय, ॲम्ब्युलन्स कुठल्या बाजूने अडकली आहे, सगळं एका नजरेत. आमच्या रिपोर्टरने त्या दिवशी बाजूच्या रस्त्याने या असं सांगितलं आणि दहा मिनिटांत शेपूट वळताना मी डोळ्यांनी पाहिलं. रेडिओवरचा शब्द ऐकून माणसं वळत होती. ते विसरता येत नाही.

११ सप्टेंबर २००१ चं उदाहरण तर सगळ्या जगाच्या माहितीचं आहे. डब्ल्यूसीबीएस ८८० चे टॉम कामिन्स्की चॉपरमधून ट्रॅफिक सांगत होते. सकाळी ८:४८ ला, पहिलं विमान धडकल्यावर दोनेक मिनिटांत, वर्ल्ड ट्रेड सेंटरकडे काहीतरी झालंय हे श्रोत्यांना त्यांनी सांगितलं. त्यांची नेमणूक पूल आणि बोगदे बघायला होती. पुढे बरेच आठवडे शहरावर अशी उड्डाणं बंद होती, आमचे जुने लोक म्हणायचे की डेस्कवर हात तोडल्यासारखं वाटायचं.

दुसऱ्या मुद्द्यावर मात्र तुमच्याशी सहमत नाही. वायरमन खांबावर चढायच्या आधी स्वतः खांब हलवून बघतो, लाइन बंद केली का ते विचारतो. जेननी काय हलवून बघायचं होतं?

---

पहाटेची_पाळी | शनिवार, दुपारी २:१५

मी मुंबईत एका खासगी एफएमवर काही वर्षं सकाळचा शो आणि ट्रॅफिक केलं. आमच्याकडे हेलिकॉप्टर कधीच नव्हतं, पण बाकी वर्णन वाचताना माझंच वाचतेय असं वाटलं. तीच पहाटे साडेतीनची घंटा, तोच अर्धा कान रस्त्यावर.

सुरुवातीच्या काळात खासगी एफएमला बातम्या द्यायची मुभा नव्हती. मग सायनला पाणी साचलं, ही बातमी की माहिती? बोलताना शब्द तोलावे लागायचे. २०११ च्या तिसऱ्या टप्प्याच्या धोरणात वाहतूक आणि हवामानाची माहिती 'बातमी' धरली जाणार नाही हे स्पष्ट केलं गेलं, तेव्हा हायसं वाटलं. आमची 'वरून दिसणारी नजर' म्हणजे वरळीच्या वाहतूक नियंत्रण कक्षातला फोन आणि रिक्षावाले, टॅक्सीवाले, बेस्टचे कंडक्टर. एक टॅक्सीवाले काका रोज सव्वासातला हाजी अलीहून फोन करायचे. नाव कधी सांगितलं नाही, "बेटा, लेफ्ट खाली है" एवढंच बोलून ठेवून द्यायचे.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा मी शिकाऊ होते. रात्रभर स्टुडिओत. "माझी मुलगी कलिनाला अडकली आहे, ती ऐकत असेल तर तिला सांगा तिथेच थांब", असे निरोप वाचत होतो. पहाटेपर्यंत आवाज बसला. रस्त्याची माहिती देणाऱ्या माणसावर लोक किती विसंबतात ते मला त्या रात्री कळलं, म्हणून 'श्रोते वाढवायला' हे मला पटत नाही, कोकणकडा.

पण अजून एक सांगते. मला एकदा अशाच पावसात वाहिनीच्या गाडीतून "प्रत्यक्ष रस्त्यावरून" बोलायला पाठवलं होतं. ड्रायव्हर म्हणाला, ताई, पुढे पाणी दारापर्यंत आहे. स्टुडिओतून कानात आवाज, अजून थोडं पुढे जा, चांगलं वाटतंय ऐकायला. मी नवीन होते, "नाही" म्हणता आलं नाही. ड्रायव्हरने माझ्या वतीने नाही म्हटलं आणि गाडी वळवली. त्या माणसाची मी आजही ऋणी आहे.

---

वारा_बघणारा | रविवार, सकाळी ७:३०

निवृत्त हेलिकॉप्टर पायलट. आधी सैन्यात, मग समुद्रावर, शेवटची वर्षं भाड्याच्या उड्डाणांत.

पहाटेची_पाळी यांनी जे लिहिलंय तेच या विषयाचं मर्म आहे, म्हणून तिथूनच सुरू करतो.

ट्रॅफिकचं उड्डाण मुळातच अवघड जागी असतं. आमच्या पुस्तिकेत उंची आणि वेगाचा एक आलेख असतो, पायलट त्याला 'डेडमॅन्स कर्व्ह' म्हणतात. कमी उंची आणि कमी वेग एकत्र आले की त्या भागात तुम्ही शिरता. तिथे इंजिन गेलं तर क्लच उत्तम असूनही पात्यांना वेग घ्यायला उंची पुरत नाही. हलक्या मशीनमध्ये कलेक्टिव्ह खाली घ्यायला एक-दोन सेकंद मिळतात, बास. आणि पुलावरचा अपघात नीट बघायचा तर हळू आणि खालीच यावं लागतं. म्हणून कुठे, किती वेळ, किती खाली, हा निर्णय पूर्णपणे पायलटचा असला पाहिजे.

आता बघा काय काय झालं आहे. शिकागोच्या डब्ल्यूजीएनवर लिओनार्ड बाल्डी नावाचा पोलीस अधिकारी हेलिकॉप्टरमधून ट्रॅफिक सांगायचा, शहराचा लाडका. मे १९६० मध्ये पातं तुटून तो आणि पायलट गेले. त्याच कामावर नंतर आलेला दुसरा पोलीस अधिकारी, आयर्व्ह हेडन, १९७१ मध्ये तसाच हेलिकॉप्टर अपघातात गेला. लॉस एंजेलिसला केएमपीसीचे मॅक्स शूमाकर ऑगस्ट १९६६ मध्ये पोलिसांच्या हेलिकॉप्टरला हवेत धडकून गेले. अमेरिकेच्या यू-टू या हेरगिरीच्या विमानाचा पायलट गॅरी पॉवर्स तुम्हाला आठवत असेल, १९६० मध्ये रशियाने पाडलेला. तो तिथून जिवंत परतला, पुढे लॉस एंजेलिसला आधी एका रेडिओसाठी ट्रॅफिक आणि मग टीव्हीसाठी हेलिकॉप्टर उडवायला लागला. १ ऑगस्ट १९७७ ला वणव्याचं चित्रण करून परतताना इंधन संपलं आणि तो व कॅमेरामन दोघे गेले. सत्तर हजार फुटांवर क्षेपणास्त्र लागून वाचलेला माणूस.

२००७ ची फिनिक्सची घटना मी नव्या पायलटांना नेहमी सांगायचो. दोन वाहिन्यांची हेलिकॉप्टरं पोलिसांचा एकच पाठलाग दाखवत होती आणि एकमेकांना धडकली, चारही माणसं गेली. दोन्हीकडे पायलटच वृत्तांतही सांगत होते. चौकशी अहवालाने त्या दुहेरी कामाकडे स्पष्ट बोट दाखवलं. ज्याच्या हातात मशीन आहे त्याने फक्त मशीन उडवावं. बोलायला दुसरा माणूस असावा. तुमच्या न्यूयॉर्कच्या नदीवर ऑगस्ट २००९ मध्ये विमान आणि सहलीचं हेलिकॉप्टर धडकून ९ जण गेले, त्यानंतर तिथे उंचीचे थर, उजव्या काठाने जाणं आणि ठरलेल्या फ्रीक्वेन्सीवर स्वतःची जागा पुकारत राहणं सक्तीचं झालं.

पाण्याबद्दलही लिहितो. हेलिकॉप्टरचं वजन वर असतं, पाण्यात पडलं की ते उलटं होतं. बॉम्बे हायच्या समुद्रातल्या तेलविहिरींवर जाणाऱ्या प्रत्येक माणसाला आम्ही आधी तलावात उलटं करून, अंधारात, पट्टा सोडून बाहेर पडायला शिकवतो. तरी जून २०२२ मध्ये सागर किरण रिगजवळ पवन हंसचं मशीन पाण्यात गेलं, तेव्हा नऊपैकी चार जणांना आपण गमावलं. २०१८ च्या मार्चमध्ये न्यूयॉर्कच्या ईस्ट रिव्हरवर दारं उघडी ठेवून फोटो काढायच्या सहलीत पाच प्रवासी बुडाले, कारण त्यांना मागून बांधलेले पट्टे सोडवता आले नाहीत. पायलटचा पट्टा साधा होता, तो वाचला. तुमच्या त्या बाई एप्रिलमध्ये पोहून आल्या म्हणालात. शांत डोक्याची बाई असणार.

आणि 'नाही' म्हणण्याबद्दल. निवडणुकीच्या दिवसांत मी महाराष्ट्रभर उडालो आहे. साखर कारखान्याचं आवार, शाळेचं मैदान, चुन्याने काढलेला एच, धुरळा, आणि कडेला वाऱ्यावर हलणारी मांडवाची कापडं. मे २०१७ मध्ये लातूर जिल्ह्यात निलंग्याला तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांचं हेलिकॉप्टर तारांना लागून खाली आलं, सगळे बचावले ही मोठी गोष्ट. मला एकदा संध्याकाळी ढग उतरत असताना "पुढची सभा पंधरा मिनिटांवर आहे, सगळे थांबलेत" असं सांगितलं गेलं. मी किल्ली खिशात टाकली आणि मैदानातल्या कट्ट्यावर जाऊन बसलो. मंडळी मोटारीने गेली. त्या मोसमात मला त्या गिऱ्हाईकाचं काम पुन्हा मिळालं नाही. रिपोर्टरने असं केलं तर त्याला मिळेल का?

---

कोकणकडा | रविवार, सकाळी ११:५०

माझं दुसरं विधान मागे घेतो. 'त्यांचा निर्णय' असं मी सहज लिहून गेलो. निर्णय घ्यायला लागणारी माहिती क्लचच्या आत होती आणि तिथे त्यांना कुणी डोकावू दिलं नसतं, हे हँगर_पाच यांनी पटवलं. वारा_बघणारा, कट्ट्यावर जाऊन बसलात ते चित्र डोळ्यासमोर राहील.

एक विचारतो, एप्रिलच्या अपघातानंतर त्या म्हणू शकल्या असत्या का, की आधी मला मशीनचे कागद दाखवा?

---

हँगर_पाच | रविवार, दुपारी १२:४०

कागद दाखवायला काय हरकत आहे? जुहूला एक बाई यायच्या, मोठ्या कंपनीच्या अधिकारी. भरपूर प्रवास करायच्या. उड्डाणाच्या आधी हँगरमध्ये येऊन मला विचारायच्या, "काल काय बदललं?" पहिल्यांदा मला राग आला होता. मग सवय झाली. त्या विचारणार म्हणून मी एकदा रात्री परत जाऊन टॉर्क, म्हणजे बोल्ट किती घट्ट आवळलेत ते, पुन्हा तपासला आहे, हे आज कबूल करतो. सगळं बरोबर होतं, पण तपासला.

---

मोगरा | रविवार, संध्याकाळी ६:०५

काका, हे वाचून डोळे भरले.

खाडीपलीकडचा, तुमचे ते सहकारी आता काय करतात? आणि अजून कुणी वर जातं का?

---

खाडीपलीकडचा | रविवार, रात्री १०:३०

मोगरा, फार कमी राहिलेत. फोनमधले नकाशे आले, गाड्याच स्वतःचा वेग कळवू लागल्या, रेडिओच्या जाहिराती आटल्या. ती मेट्रो नेटवर्क्स कंपनी आधी वेस्टवुड वनकडे, मग २०११ मध्ये क्लिअर चॅनलकडे गेली. डब्ल्यूसीबीएस ८८० ऑगस्ट २०२४ मध्ये बंदच झालं. टीव्हीची हेलिकॉप्टरं अजून उडतात आणि तिथेही माणसं जातात. नोव्हेंबर २०२२ मध्ये शार्लटला एका वाहिनीचा पायलट आणि हवामान सांगणारे निवेदक गेले, डिसेंबर २०२३ मध्ये फिलाडेल्फियाच्या वाहिनीचे दोघे न्यू जर्सीच्या जंगलात गेले. आमच्या घरापासून ते जंगल फार लांब नाही.

या कामातल्या माणसांबद्दल एक अजून लिहायचं राहिलं होतं. अटलांटाच्या डब्ल्यूएसबी रेडिओवर 'कॅप्टन हर्ब' एमरी होते. वर्षानुवर्षं हेलिकॉप्टरमधून शहराला घरी पोचवणारे. २०१४ च्या एप्रिलमध्ये, सुट्टीच्या दिवशी, घराजवळ अपघात झाला म्हणून ते मदतीला धावले. रस्त्यावर उभे राहून गाड्या वळवत होते आणि तिथेच हृदयविकाराचा झटका आला. कामावर नसतानाही रस्ता मोकळा करायला गेलेला माणूस.

माझा तो सहकारी निवृत्त होऊन फ्लोरिडात असतो. हा धागा चालू झाल्यावर काल त्याला फोन केला. हँगर_पाच यांनी लिहिलेलं फ्रीव्हीलचं उदाहरण इंग्रजीत सांगितलं. बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "म्हणजे पायलटचा दोष नव्हता ना?" मी म्हटलं, नव्हता. त्याने मला तीनदा विचारलं.

कोकणकडा, तुमच्या प्रश्नावर. आमच्या शेवटच्या रिपोर्टर बाई लिंडनला वेळेच्या वीस मिनिटं आधी जायच्या. हातात दोन कॉफी. एक स्वतःला, एक मेकॅनिकला. मशीनच्या शेजारी उभं राहून दोघं कॉफी प्यायची. काय बोलायची ते मी कधी विचारलं नाही. पण ज्या सकाळी मेकॅनिक कॉफी घेऊन नुसता उभा राहिला आणि मान हलवली, त्या सकाळी त्या डेस्कवर येऊन बसल्या आणि स्कॅनर ऐकून बातम्या दिल्या. आम्ही कुणी एका शब्दाने विचारलं नाही. मी फक्त खुर्ची सरकवून त्यांना जागा करून दिली.